थांबलेल्या ट्रकांचं गाव

फ्रँकफर्टहून हायडेलबर्गला निघालो, तो रविवार होता. गाडी मावसभाऊ चालवत होता. अर्धा तास झाला असेल, तोच तो म्हणाला, "ताई, किल्ला काही पळून जात नाही. आधी चहा घेऊ आणि तुला एक वेगळंच ठिकाण दाखवतो." 'ए 5' महामार्गावरच्या ग्रेफेनहाउझेन वेस्ट या थांब्यावर त्यानं गाडी वळवली.

पर्यटकांच्या नकाशात हे नाव सापडायचं नाही. पेट्रोल पंप, उपाहारगृह आणि मागे लांबच लांब ट्रकतळ. तिथं चाळीस-पन्नास ट्रक एकाला एक खेटून उभे होते आणि एकही हलत नव्हता. जर्मनीत रविवारी आणि सुटीच्या दिवशी रात्री 10 वाजेपर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकांना रस्त्यावर यायला बंदी असते.

मी नंबर प्लेटा वाचत चालले. पोलंड, लिथुआनिया, रुमानिया, बल्गेरिया... जर्मन प्लेट शोधावी लागली! दोन ट्रकांच्या मधल्या जागेत स्टोव्हवर कांदा परतला जात होता. आरशाला टॉवेल वाळत घातलेला. पायात रबरी सपाता घातलेली माणसं प्लास्टिकच्या डब्यांवर बसून बटाटे सोलत होती. आपल्या महामार्गावरच्या ढाब्याची आठवण झाली. फक्त खाट नव्हती आणि गप्पांचा आवाजही नव्हता.

लिथुआनियाची प्लेट असलेल्या एका ट्रकजवळ पन्नाशीचा एक माणूस भात शिजवत होता. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "इंडिया? मिथुन!" गृहस्थ उझबेकिस्तानचे निघाले. त्यांनी आग्रहानं चहा दिला. त्यांच्या मोडक्यातोडक्या जर्मनचं मावसभाऊ मला मराठी करून सांगत होता.

घर समरकंदजवळ, कंपनी लिथुआनियात, माल स्पेनचा आणि उतरवायचा हॉलंडमध्ये. घरी जाऊन सात महिने झाले होते. मोबाइलवर धाकट्या मुलीचा फोटो दाखवत ते म्हणाले, "मी निघालो तेव्हा हिला वाचता येत नव्हतं. आता मला पत्र लिहिते."

तीन देशांचा एक ट्रक

हा कारभार समजून घ्यायला 2004 सालापर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी पोलंड, लिथुआनिया यांच्यासह दहा देश युरोपीय संघात आले. तिथले पगार कमी, पण बाजारपेठ आता सगळ्यांना एकच. मालवाहतुकीचा धंदा भराभर पूर्वेकडे सरकला. पश्चिमेकडच्या काही कंपन्यांनीही तिकडे कार्यालयं थाटून ट्रकांना तिकडच्या प्लेटा लावल्या. पुढे पोलिश आणि लिथुआनियन चालकही कमी पडू लागले, तेव्हा युक्रेन, बेलारूस, जॉर्जिया, उझबेकिस्तान, फिलिपाइन्स आणि आपल्या भारतातूनही माणसं येऊ लागली.

कायदे नाहीत असं मुळीच नाही. चालकानं दिवसाला 9 तास गाडी हाकावी, आठवड्यातून दोनदाच 10 तास. साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावं. आठवड्याची 45 तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घ्यायला मनाई आहे. परदेशी ट्रकानं एखाद्या देशात अंतर्गत वाहतूक करायची तर 7 दिवसांत फक्त 3 खेपा. त्या खेपांसाठी चालकाला त्या देशाच्या दरानं वेतन द्यावं लागतं. मात्र ट्रक त्या देशातून नुसता पार होत असेल तर हा नियम लागू नाही.

2020 च्या नव्या नियमांनुसार चालकाला दर चार आठवड्यांत घरी, नाहीतर कंपनीच्या तळावर परतण्याची सोय करून द्यावी लागते. मी यजमानांना याबद्दल विचारलं. ते हसले. "माझ्यासाठी घर म्हणजे लिथुआनियातलं कंपनीचं आवार!"

ज्या दिवशी चाकं थांबली

मावसभावानं मला इथंच का आणलं, ते आता कळलं. मार्च 2023 मध्ये याच तळावर साठाहून अधिक चालकांनी ट्रक उभे केले आणि पगार मिळाल्याशिवाय हलणार नाही, असं सांगितलं. बहुतेक जण जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे. ते पोलंडमधल्या एका कंपनीचे ट्रक चालवत होते आणि त्यांचे पैसे थकले होते.

7 एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, कंपनीचा मालक खासगी सुरक्षारक्षक आणि चिलखती गाडी घेऊन ट्रक सोडवायला आला. जर्मन पोलिसांनी मध्ये पडून त्यांनाच ताब्यात घेतलं! आसपासच्या लोकांनी, चर्चच्या मंडळींनी आणि कामगार संघटनांनी चालकांसाठी जेवण आणलं. नेदरलँड्सचे कामगार नेते एडविन आटेमा यांनी त्यांच्या वतीनं बोलणी केली. एप्रिलच्या अखेरीस सुमारे 3 लाख युरोंची थकबाकी मिळाली आणि तळ रिकामा झाला.

तरी जुलैमध्ये त्याच कंपन्यांच्या समूहातले चालक पुन्हा याच तळावर आले. या वेळी संख्या शंभरावर गेली. सप्टेंबरमध्ये काहींनी उपोषण केलं, तेव्हा कुठे महिनाअखेरीस तडजोड झाली.

मोठ्या जर्मन कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे कामगारांची पिळवणूक होत नाही ना, हे पाहावं असा कायदा जर्मनीत 1 जानेवारी 2023 पासूनच लागू झाला होता. पण माल कोणाचा, वाहतुकीचा ठेका कोणाचा, पोटठेका कोणाचा आणि चालक कोणाचा, ही साखळी लोकांना प्रथम दिसली ती या तळावर. ट्रक धावत असताना चालकाकडे कोणी पाहत नव्हतं. तो थांबल्यावर सगळ्यांना त्याचा पत्ता सापडला!

आपल्याशी संबंध काय?

आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात चालकांचाही समावेश आहे. हायडेलबर्ग त्याच राज्यात येतं. सरकारी मार्गानं जाणाऱ्याची गोष्ट निराळी. पण दलालामार्फत 'युरोपात ड्रायव्हर पाहिजेत' म्हणून जाणाऱ्याच्या घरच्यांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. करार कोणत्या देशातल्या कंपनीशी आहे? पगार मासिक आहे की रोजावर? नोकरी आहे की 'स्वतंत्र ठेकेदार' म्हणून सही घेतली आहे? घरी यायचं तिकीट कोण देणार? आणि पैसे थकले तर तक्रार कुठल्या देशात करायची?

निघताना यजमानांचा हिशेब विचारला. पगार वेळेवर मिळतो, असं ते म्हणाले. पण रविवारचा सगळा दिवस या तळावर काढावा लागतो आणि महामार्गावरच्या थांब्यांवर स्वच्छतागृहालाही बहुतेक ठिकाणी 1 युरो पडतो. "त्यापेक्षा बटाटे परवडतात," असं म्हणून त्यांनी मावसभावाच्या मुलीसाठी खिशातून बेदाण्यांची पुडी काढून दिली. नको म्हणवेना.

हायडेलबर्गचा किल्ला पाहिला. सुंदर आहे. परतताना रात्रीचे दहा वाजून गेले होते. आम्ही आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं येत होतो. समोरच्या तळावरून एकामागून एक ट्रक बाहेर पडत होते. त्यात लिथुआनियाची प्लेट कोणती, हे अंधारात दिसलं नाही. बेदाण्यांची पुडी मात्र माझ्या हातातच होती.