बर्फाचा बांध

कोकणातील कौलारू घरात ज्याचे बालपण गेले, त्यास छपराविषयी नवे काही शिकावयाचे उरलेले नसते, असा आमचा पुष्कळ वर्षे समज होता. वैशाख सरत आला की गडी छपरावर चढत, कौले उतरवून झाडीत, फुटकी बाजूस काढीत आणि मृग लागण्यापूर्वी शाकारणी पुरी करीत. इतके करूनही आषाढात एखादी जागा गळावयाचीच. मग खाली पातेले मांडावयाचे आणि पाऊस उघडला की सरकलेले कौल काठीने जागेवर आणावयाचे. या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक साधा सिद्धांत होता: पाणी आकाशातून येते आणि उताराने निघून जाते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल येथे बिऱ्हाड थाटीपर्यंत हा सिद्धांत कोणी खोटा ठरविला नव्हता.

२०१९ चा फेब्रुवारी तेथील लोक अद्याप विसरलेले नाहीत. शेजारच्या मिनीॲपोलिसच्या नोंदीप्रमाणे त्या एका महिन्यात ३९ इंच बर्फ पडले. फेब्रुवारीपुरता तो उच्चांकच होता. त्याआधी ३० जानेवारीस पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली २८ अंशांपर्यंत उतरला होता. आमच्या वळचणीस हातहातभर लांबीच्या बर्फाच्या पागोळ्या लोंबत होत्या, आणि त्या फार शोभिवंत दिसतात म्हणून आम्ही त्यांची छायाचित्रे गावी धाडली होती. अशातच एके सकाळी, आकाश निरभ्र आणि बाहेर पाण्याचा थेंबही द्रवरूपात राहणे अशक्य असताना, वरच्या खोलीचे छत गळू लागले. गळतीच्या नेमकी खाली वडिलांच्या पत्रांची पेटी होती. दर वर्षी मे महिन्याच्या पत्रात ते शाकारणी झाल्याचे न चुकता कळवीत. त्यातील बरीच पत्रे भिजली आणि शाई पसरून अक्षरे पुसट झाली. पातेले मांडण्याची आमची विद्या त्या दिवशी अर्धा तास उशिरा आठवली.

प्रकार काय घडला होता तो असा. घरातील ऊब माळ्यावर चढते व छप्पर आतून तापविते. त्यामुळे वरच्या भागातील बर्फ तळाशी वितळते आणि ते पाणी बर्फाच्या थराखालून खाली वाहू लागते. परंतु वळचण भिंतीच्या बाहेर असते. तिच्याखाली ऊब नसते. तेथे येताच पाणी पुन्हा गोठते. थरावर थर चढून कडेला बर्फाचा बांध उभा राहतो आणि मागून येणारे पाणी त्यामागे तुंबते. डांबरी शिंगल्सची रचना आपल्या कौलांसारखीच, खाली उतरणाऱ्या पाण्यासाठी केलेली असते. मागे चढणाऱ्या पाण्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

वाफेच्या यंत्राने तो बांध काढविला. कुऱ्हाडीने फोडावा असा आमचा बेत होता. पण त्याने बर्फाबरोबर शिंगल्सही फुटतात असे जाणत्यांनी बजावले. मग उपायांची निवड सुरू झाली. एका कारागिराने वळचणीवर विजेच्या तापणाऱ्या तारा नागमोडी बसविण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने संपूर्ण छपराखाली डांबराचा चिकट पट्टा अंथरावा असे सुचविले. हा पट्टा मोठा गुणी आहे. तो लाकडी फळ्यांस आपोआप चिकटतो आणि त्यातून खिळा ठोकला तरी खिळ्याभोवती आवळून बसतो. मात्र तो वाफही बाहेर जाऊ देत नाही. माळ्यावर वारा खेळता नसेल, तर सगळे छप्पर त्याने झाकणे म्हणजे फळ्या आतून कुजविणे होय. शिवाय पट्ट्यांतही जाती आहेत: शिंगल्सखाली साधा चालतो, पत्र्याचे छप्पर असेल तर अधिक उष्णता सोसणारा घ्यावा लागतो.

त्या देशातील गृहबांधणीच्या आदर्श नियमसंहितेप्रमाणे, जेथे बर्फाचे बांध होतात तेथे हा पट्टा छपराच्या कडेपासून निघून बाहेरील भिंतीच्या रेषेच्या आत निदान २४ इंच पोचावा लागतो. आम्ही टेप घेऊन बसलो. वळचण २४ इंच, भिंत ६ इंच, आत २४ इंच. आडवे अंतर ५४ इंच झाले. बारास सहाचा उतार धरला तर छपरावरून ते सुमारे ६० इंच भरते. पट्ट्याची रुंदी ३६ इंच. म्हणजे एकावर एक चढविलेल्या दोन ओळी हव्यात. आमच्या छपरावर पूर्वी ज्याने काम केले होते त्याने एकच ओळ घातली होती. दोष देण्यास माणूस सापडला म्हणून आम्हास क्षणभर समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

ते समाधान एका वृद्ध सुताराने हिरावून घेतले. त्याने छपराकडे पाहिलेच नाही. शिडी लावून तो थेट माळ्यावर गेला. धुराड्याभोवती बोटभर फट होती, दिव्यांच्या भोकांतून उबदार हवा वर येत होती, आणि न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यावरच सुटली होती. पट्टा पाणी अडवील, तो म्हणाला, पण बांध तुम्हीच घालीत आहात. शेजाऱ्याच्या छपरावर बर्फ जसेच्या तसे पडून असे आणि आमचे लवकर मोकळे होई, याचा आम्हास अभिमान होता. वस्तुतः आम्ही पैसे देऊन विकत घेतलेली ऊब आकाशास अर्पण करीत होतो.

"अहो, मग त्या तारा कशाला?" सौभाग्यवतींनी विचारले. "आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असेच ना हे?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अखेर तारांचा नाद सोडला. कडेस दोन ओळी आणि दोन उतार मिळतात त्या घळीत पट्टा, इतकेच छपरावर करावयाचे ठरले. उरलेला पैसा माळ्यावर घातला. फटी बुजविल्या, पंख्याची नळी बाहेर काढली, उष्णतारोधक अस्तर जाड केले आणि वळचणीतून वारा आत येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवल्या. पट्टा नीट चिकटावयास हवा फॅरनहाइटच्या ४० अंशांहून उबदार लागते, म्हणून काम मे महिन्यात निघाले. तो महिना वडिलांच्या शाकारणीचाच होता, हे कामकरी छपरावर चढल्यावर आमच्या ध्यानी आले.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात तेथे सुमारे ९० इंच बर्फ पडले. वळचणीस चार बारीक पागोळ्या आल्या, त्या आल्याच. पण छत कोरडे राहिले. मनुष्य दिसणाऱ्या उपायावर खुशीने खर्च करतो आणि न दिसणाऱ्या कारणापाशी जाण्याचा आळस करतो. आमचाही अपवाद नव्हता. वाळविलेली पत्रे आता खालच्या खोलीत असतात. आणि हल्ली सकाळी उठून छपरावर बर्फ अभंग पडलेले दिसले, की पूर्वी ज्याची आम्ही कीव करीत असू त्या शेजाऱ्याच्या पंक्तीस बसल्याचा आम्हास आनंद होतो.