मँचेस्टरचे वजनमाप

इंग्लंड पाहून आलेला मराठी माणूस लंडनचे मनोरे सांगतो, शेक्सपिअरचे गाव सांगतो, सरोवरांच्या प्रदेशातला पाऊस सांगतो. मँचेस्टरचे नाव त्याच्या तोंडी आलेच, तर ते फुटबॉलमुळे. आपल्या आजोबा-पणजोबांचे तसे नव्हते. त्यांच्या लेखी मँचेस्टर म्हणजे धोतरजोडी! ती त्यांनी हौसेने नेसली आणि पुढे भर चौकात तिची होळीही केली. इतके आपल्या अंगाला लागलेले हे गाव. पण प्रवासवर्णनांतून ते आपल्याला सहसा भेटत नाही.

मी तिथे गेलो तो एका कुतूहलापोटी. २७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने पुष्कळशा भारतीय मालावर ५० टक्के आयात जकात लागू केली, तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत कामे थांबली, आणि ‘खुला व्यापार’ या दैवताच्या नावाने सगळीकडे उसासे ऐकू येऊ लागले. या दैवताचे मँचेस्टरात चक्क एक देऊळ आहे. ते एकदा पाहावे, असे मनाने घेतले.

देऊळ पीटर स्ट्रीटवर आहे. नाव ‘फ्री ट्रेड हॉल’. १८५६ साली पुरी झालेली ही दगडी, कमानदार इमारत इटलीतल्या एखाद्या सरदाराच्या वाड्यासारखी दिसते. संतांच्या, राजांच्या, सेनापतींच्या नावाने बांधलेली सभागृहे जगात पुष्कळ. पण व्यापारी धोरणाचे नाव ल्यालेले सभागृह विरळाच. आज तिथे हॉटेल आहे.

या जागेची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. १८१५ साली इंग्लंडच्या जमीनदारांनी परदेशी धान्याला अटकाव करणारा कायदा करून घेतला. धान्य महागले, पाव महागला. १८१९ मध्ये याच मैदानावर मताचा हक्क मागायला जमलेल्या हजारो स्त्रीपुरुषांवर घोडेस्वार घालण्यात आले आणि माणसे मेली. पुढे रिचर्ड कॉब्डेन आणि त्याच्या सोबत्यांनी मँचेस्टरातूनच चळवळ चालवून १८४६ मध्ये तो धान्य-कायदा रद्द करविला. त्या विजयाची खूण म्हणून कॉब्डेनच्याच जमिनीवर हे सभागृह उठले. जकात उठली म्हणजे गरिबाचा घास स्वस्त होतो, ही या देवळाची मूळ श्रद्धा. तिला खोटी म्हणवत नाही.

पण मी पडलो मराठीचा मास्तर. शब्दांचे टाके उसवून पाहायची खोड सुटत नाही. इंग्रजीत सुती कापडाला ‘कॅलिको’ म्हणतात, ते आपल्या कालिकतवरून. ‘चिंट्झ’ म्हणजे आपले छीट. ‘डंगरी’ म्हणजे मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे कापड. ही नावे इंग्लंडात गेली ती मालाच्या गाठोड्यांबरोबर. तो माल तिथल्या लोकांना इतका आवडला, की लोकरीचे आणि रेशमाचे विणकर खवळले आणि १७०० व १७२१ साली कायदे करून हिंदी छिटे तिथे बंद करण्यात आली. कायद्याला नाव पडले तेही ‘कॅलिको अ‍ॅक्ट’! बंदीच्या त्या भिंतीआड लँकेशायरचा सूतधंदा वाढला. अंगात बळ आल्यावर मग भिंती पाडण्याचा उपदेश सुरू झाला.

शहराच्या पश्चिमेला बोटींचा प्रसिद्ध कालवा आहे. त्याच्या काठी उभे राहिले म्हणजे या इतिहासाचे दुसरे पान उघडते. लिव्हरपूलच्या बंदराची पट्टी आणि आगगाडीचे भाडे मँचेस्टरकरांना जाचू लागले, तेव्हा त्यांनी ३६ मैलांचा कालवा खणून समुद्रच दारी आणला. १८९४ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. गंमत पाहा, त्याच वर्षी इकडे हिंदुस्थान सरकारला पैशांची चणचण भासली आणि विलायती कापडावर ५ टक्के आयात जकात बसवावी लागली. तेव्हा लँकेशायरच्या आग्रहावरून मुंबईच्या गिरण्यांच्या बारीक सुतावरही तेवढाच कर लादला गेला. १८९६ मध्ये दोहींकडच्या कापडावर साडेतीन टक्के कर ठरला. स्वतःला पट्टी जाचली तर कालवा खणायचा, आणि समुद्रापलीकडच्या गिरणीला चार पैशांचा आसरा मिळतोसे दिसले तर तो काढून घ्यायचा! दोन्ही गोष्टी ‘खुला व्यापार’ या एकाच नावाने.

हा कर कोणी भरला? कागदोपत्री गिरणीमालकांनी. पण १९२५ साली मालकांनी मंदीचे कारण सांगून मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली आणि मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणीकामगार संपावर गेले. अडीच महिने परळ-लालबागच्या चुली कशाबशा पेटल्या. डिसेंबरात सरकारने तो कर थांबवला, मालकांनी कपात मागे घेतली आणि भोंगे पुन्हा वाजले. साडेतीन टक्क्यांचा आकडा लंडनच्या टेबलावर ठरला होता. त्याची झळ पोहोचली चाळीतल्या खोलीपर्यंत.

मँचेस्टरहून आगगाडीने तासाभरात बर्नलीला जाता येते. गावाबाहेर टेकाडावर क्वीन स्ट्रीट मिल ही १८९५ साली सुरू झालेली विणगिरणी आहे. १९८२ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी मुंबईतही गिरणगावचा शेवटचा मोठा संप सुरू झाला होता. आज ही गिरणी संग्रहालय असून ठरावीक हंगामात उघडते. वाफेच्या इंजिनाचे नाव ‘पीस’, म्हणजे शांतता. पण त्यावर साचे सुरू झाले की कानठळ्या बसतात. माहिती देणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले, “माझी आजी साच्यावर होती. या गोंगाटात बायका एकमेकींचे बोलणे ओठांवरून वाचत. तुम्ही कुठले?” मुंबईचे म्हटल्यावर ते हसले. “मग आमचे कापड तुमच्याकडेच येत असे. तुमचे गांधी १९३१ साली इथून जवळच डार्वेनला आले होते. त्यांच्या बहिष्काराने आमचे लोक बेकार झाले होते, तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला.”

तो फोटो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पंचा नेसलेले गांधीजी आणि भोवती हसणाऱ्या कामगार स्त्रिया. पोटावर पाय आणणारा माणूस म्हणून त्यांना हाकलणे सोपे होते. पण हिंदुस्थानातल्या विणकराचे दारिद्र्य त्यांनी सांगितले, ते त्या बायकांना समजले. साच्यापुढे उभ्या राहणाऱ्याला दुसऱ्या टोकाचा साचेवाला कळतो.

पहिल्या महायुद्धाआधी लँकेशायरमधून वर्षाला सुमारे सात अब्ज वार कापड बाहेर जाई. त्यातले तीन अब्ज वार एकट्या हिंदुस्थानात. १९५८ मध्ये काळाने कूस बदलली आणि ब्रिटनमध्ये बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत येणारे सुती कापड जास्त झाले. तेव्हा याच लँकेशायरने संरक्षणाची हाक दिली, आणि १९५९ मध्ये हाँगकाँग, भारत व पाकिस्तान यांना ‘स्वखुशीने’ आपला माल आवरता घ्यावा लागला. देवळातला देव कधीच पाठमोरा झाला होता. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनने भारताशी जो करार केला, त्यात भारतीय कपड्यांवरची जकात उठवण्याचे कलम आहे. भिंत घालणे आणि पाडणे, दोन्ही कामे या गावाने केली. प्रत्येक वेळी गरजेप्रमाणे, आणि प्रत्येक वेळी तत्त्वाच्या नावाने.

शेवटी रॉयल एक्स्चेंज पाहावे. प्रचंड घुमटाखालच्या या दालनात एके काळी हजारो दलाल कापसाचे आणि कापडाचे सौदे करीत. ३१ डिसेंबर १९६८ रोजी व्यवहार थांबले. १९७६ पासून तिथे नाटके होतात. वर भिंतीवरच्या फळ्यावर अखेरच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. आणि घुमटाच्या कडेने, वजनमापात लबाडी करणाऱ्याला अक्षय धन लाभत नाही, अशा अर्थाचे वचन कोरलेले आहे.

यंदाच्या दिवाळीचा नवा सदरा घालताना कॉलरमागची चिठ्ठी वाचावी. कापूस एका मुलखाचा, सूत दुसऱ्या, शिलाई तिसऱ्या. या लांबलचक साखळीवर कोणी कोठे किती जकात बसवली, हे वर्तमानपत्र सांगेल. कोणत्या कडीतल्या माणसाची मजुरी त्यापायी कापली गेली, ते मात्र आपणच विचारले पाहिजे. वजनमापाची ती खरी कसोटी.