आणखी एका माणसाची जागा

आमच्या तीर्थरूपांनीं आपल्या मागें इस्टेट म्हणण्याजोगें कांहीं ठेवलें नाहीं. जें ठेवलें त्यांत निकॉनचा एक कॅमेरा व त्याचें पन्नास मिलिमीटरचें भिंग होतें. कॅमेऱ्यानें पुढें आमच्या हातीं राम म्हटला. भिंग मात्र अद्याप निर्मळ आहे. पावसाळ्यांत कांचेवर बुरशी धरूं नये म्हणून आम्ही तें घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांच्या संगतींत ठेवतों, आणि दसऱ्याला बाहेर काढून पुसतों. देव्हाऱ्यांतील देवांची देखील आमच्या हातून इतकी निगा होत नसेल!

गेल्या दिवाळींत चिरंजीवांनीं आपल्या कमाईंतून आम्हांस निकॉनचाच, परंतु नव्या तऱ्हेचा, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा आणून दिला. "बाबा, लेन्स तुम्हीच निवडा," असें सांगून ते आपल्या नोकरीच्या गांवीं निघून गेले, आणि आमच्या विवंचनेला सुरुवात झाली.

ज्या वाचकांचा ह्या प्रकरणाशीं संबंध आला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्या मध्यें एक तिरपा आरसा असे. भिंगांतून आलेला प्रकाश तो वर वळवी, म्हणून आपणांस समोरचें दृश्य दिसे. कळ दाबतांच आरसा वर उचलला जाई आणि डोळ्यांपुढें अंधार होई. म्हणजे जो क्षण टिपला जाई, नेमका तोच टिपणाराच्या दृष्टीस पडत नसे! ह्या आरशाला हलावयास जागा हवी. म्हणून निकॉननें १९५९ सालीं भिंगाची जी बैठक ठरविली, ती फिल्मपासून ४६·५ मिलिमीटर दूर होती. २०१८ सालीं नव्या 'झेड' बैठकीच्या कॅमेऱ्यांतून आरसा गेला, आणि तें अंतर १६ मिलिमीटरवर आलें. बैठकीचें तोंडहि ४४ मिलिमीटरांचें ५५ झालें.

तेव्हां जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढवावयाचें, तर मध्यें एक नळी घालावी लागते. बाजारांत तिला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. तिच्यांत कांच नसते. निघून गेलेल्या आरशाची ३०·५ मिलिमीटर जागा राखून धरणें, हें तिचें मुख्य काम. रिकामी जागा विकत घेण्याचा हा व्यवहार आम्हांस प्रथम हास्यास्पद वाटला. मग वाटलें, वडिलांच्या भिंगासाठीं हेंहि करूं.

दुकानीं गेलों तेव्हां आमच्या खिशांत एकाच खरेदीपुरते पैसे होते. दुकानदार भला माणूस. त्यानें नळी लावून तात्यांचें भिंग कॅमेऱ्यावर बसवून दिलें. पण तें हातानें फिरवावयाचें भिंग. आमची साठी उलटलेली. कडें इकडे फिरवावें, तिकडे फिरवावें, चित्र मोठें करून पाहावें, तोंवर समोरचा पोऱ्या जागा सोडून चहा आणावयास गेला! मग दुकानदारानें दोन नवीं भिंगें पुढें ठेवलीं. एक पन्नासचें, एफ १·८, वजन ४१५ ग्रॅम. दुसरें चाळीसचें, एफ २, वजन अवघें १७० ग्रॅम. त्याचें बूड धातूचें नसून प्लॅस्टिकचें. दोन्हीं स्वतःच माणसाचा डोळा हुडकून त्यावर नजर रोखतात. "साहेब, चित्र पन्नासचेंच सरस येईल," तो प्रामाणिकपणें म्हणाला. आम्ही कांहींच न घेतां परतलों.

घरीं आई जेवावयाची थांबली होती. तिला शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. सारी हकीकत ऐकून घेऊन ती म्हणाली, "अरे, त्यांनीं जन्मभर सगळ्यांचे फोटो काढले. त्यांचा एक तरी धड आहे कां घरांत?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. भिंतीवर तात्यांची जी तसबीर आहे, ती कचेरींतल्या निरोपसमारंभाच्या समूहांतून वाढवून काढलेली. शेजाऱ्याचा खांदा तींत अजून दिसतो. तात्यांचा कॅमेरा घरांत दुसऱ्या कोणालाच चालवितां येत नसे, आणि आम्ही कधीं शिकूनहि घेतलें नाहीं. आतां त्यांचेंच भिंग चढवून आम्ही तीच तऱ्हा पुढें चालविणार होतों!

त्या रात्रीं आम्हीं टेप घेऊन बसावयाची खोली मोजली. अडीच मीटरांवरून पन्नासच्या भिंगांत १·८ मीटर रुंदीचें दृश्य मावतें, चाळीसच्या भिंगांत २·२५ मीटर. फरक जवळजवळ एका हाताचा, म्हणजे दाटीनें बसल्यास आणखी एका माणसाचा. दुसऱ्या दिवशीं आम्ही प्लॅस्टिकच्या बुडाचें, हलकें भिंग घेऊन आलों.

त्यानें काढलेलें पहिलें चित्र आमचें नव्हे. आईनें काढलेलें आमचें आहे. कॅमेरा तिच्या हातांत किंचित् कलला, म्हणून आम्हीहि कललेले दिसतों, आणि आमचें कपाळ निम्में बाहेर राहिलें आहे. डोळे मात्र स्पष्ट आले आहेत. "तुझे डोळे त्यांच्यावर गेलेत, हें मला आजवर इतकें कळलें नव्हतें," ती म्हणाली, आणि चष्मा पुसूं लागली.

तात्यांचें भिंग डब्यांत आहे. दसऱ्याला तें निघेल, पुसलें जाईल. नळीहि केव्हां तरी आणूं. तिच्यांतील पोकळीला आतां घाई नाहीं.