दुभाषी संत

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया पाद्री नव्हते, साधे ब्रदर होते. त्याआधी ते जपानात व्यापार करायचे, तिथली भाषा पक्की झालेली. मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि १५९३ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे दुभाषी म्हणून उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये ते संत झाले.

प्रवचनात त्यांचं मरण तेवढं येतं. मला दुभाष्याचं काम मोठं वाटतं. परक्या मुलखात दुसऱ्याचा शब्द पदरचं काही न घालता पोचवायचा! ख्रिस्ती माणसाला रोज जमण्यासारखं संतपण ते हेच.

सध्या पोस्टिंग बंगळुरूला. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात तमिळ, कानडी, इंग्रजी मिस्सा होतात. ८ सप्टेंबरच्या सणाला पाय ठेवायला जागा नसते; बहुतेक जण मागायला आलेले. (मीही आईच्या दुखण्यात मेणबत्ती लावलीय.) आमच्याकडचा वसईचा एक जवान तिथं बदलीसाठी नवस बोलला. त्याला गोन्सालोंची गोष्ट सांगितली.

"ते ठीक आहे साहेब, पण बदलीचं काय?"

"अर्ज ऑफिसात दे. तोवर कानडी शिक."




आता भाजीवाल्याशी आमच्या वतीने तोच बोलतो.