वृद्धांच्या भेटीचा शिलालेख

नालासोपारा हे नाव आपल्या कानी पडते ते बहुधा लोकलच्या गर्दीसंबंधाने. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावे जोडून ते तयार झाले. त्यांतील सोपारा मात्र फार प्राचीन. महाभारतातील शूर्पारक ते हेच, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरवृत्तांतातही या बंदराची नोंद आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजे येईनाशी झाली आणि गाव जणू विस्मरणात गेले.

वाचकहो, या गावात एक टेकाड होते. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागी दगडी पेटी होती. पेटीत काशाच्या बुद्धमूर्ती आणि तांब्याचा करंडक. त्यात चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची! एवढ्या जपणुकीने ठेवले होते काय? मातीच्या भांड्याची लहानशी खापरे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ती पुरली असावीत, असा भगवानलालांचा तर्क होता.

त्याच वर्षी सोपाऱ्यात दगडाचा एक तुटका तुकडा सापडला. दिसायला अगदी सामान्य. पण मला तो त्या सोन्याच्या डबीहून मोलाचा वाटतो. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा काही भाग ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. संपूर्ण मजकूर गिरनार आदी ठिकाणच्या लेखांवरून कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार आणि करमणूक हा त्यांचा हेतू. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या प्रवासाचा हेतूच पालटला. श्रमण-ब्राह्मणांची भेट, त्यांना दान, ग्रामीण जनतेशी धर्मचर्चा. आणि या यादीत स्पष्ट शब्दांत वृद्धांचे दर्शन व त्यांना सुवर्णदान. त्यातच आपल्याला अधिक आनंद मिळतो, असेही तो सांगतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका सम्राटाने म्हाताऱ्या माणसांना भेटणे हे प्रवासाचे प्रयोजन मानले आणि ते दगडावर कोरून ठेवले. आपल्या आजी-आजोबांना भेटायला जायचे ते 'वेळ मिळाला तर', ही आपली रीत!

नवव्या शिलालेखाचा तुकडा 1956 साली जवळच्या भुईगावात मिळाला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलकृत्ये करतात. ती करावीत, परंतु त्यांचे फळ थोडे, असे त्यात म्हटले आहे. मोठे फळ देणारे मंगल कोणते? दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सारे करणाऱ्या मावशी किंवा दादा ज्या घरी येतात, त्या घराने हे वाक्य दोनदा वाचावे.

स्तूप पाहायचा असल्यास नालासोपारा पश्चिमेला उतरून रिक्षाने जाता येते. मुंबईहून येणाऱ्यांनी सकाळी निघून दुपारी परतावे. सकाळची गर्दी मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळची विरारकडे येणारी, म्हणून आपला प्रवास दोन्ही वेळा उलट दिशेने होतो. ज्येष्ठांना डिसेंबर-जानेवारीची हवा मानवते. सोबत पाणी, टोपी आणि नेहमीची औषधे असू द्यावीत. मात्र शिलालेख तेथे नाहीत, हे आधीच घरच्यांना सांगा. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, तर स्तूपातील करंडक व मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे. पाय फार चालत नसतील, तर वस्तुसंग्रहालयाची फेरी अधिक सोयीची.

परतताना वसईची सुकेळी मिळाली तर अवश्य घ्यावीत. राजेळी केळी वाळवून ती करतात. वाळताना पाणी उडून जाते, साखर मात्र तशीच राहते. तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी एका लहान तुकड्यावर थांबावे, आणि कवळी असल्यास तो बारीक चिरून घ्यावा.