थोडं सोस गं

लेकीचे सिझेरियन झाले त्या रात्री मी तिच्या उशाशी बसले होते. तिच्या पाठीवर चिकटपट्टीने बसवलेली बारीक नळी खांद्यावरून पुढे येऊन एका लहान पंपाला जोडलेली होती. त्यातून बधिर करणारे सौम्य औषध कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत सावकाश जात होते. यालाच एपिड्यूरल म्हणतात, एवढे मला कळले होते.

१९८४ साली माझे सिझेरियन झाले ते पूर्ण भूल देऊन. शुद्धीवर आल्यावर ठरल्या वेळी इंजेक्शन मिळे. मधला काळ दातओठ आवळून काढायचा. त्या सोसण्याचा मला, खरे सांगायचे तर, अभिमानच होता.

मध्यरात्री लेकीला टाक्यांपाशी कळ येऊ लागली. "आई, सिस्टरना बोलावू का?" तिने विचारले.

"थोडं सोस गं. पाठीतलं औषध वाढवलं तर जन्मभर कंबर दुखेल. दुधातही उतरेल."

ती गप्प राहिली. तासाभराने पाहिले, तर ती श्वास वरच्यावर घेत होती. खोकला दाबताना डोळ्यांत पाणी येई. बाळ रडू लागले, तरी तिला कुशीवर वळवेना.

पहाटे भूलतज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी मात्रा तपासून वाढवली आणि अर्ध्या तासात लेकीने बाळाला छातीशी घेतले. बाई मला बाजूला घेऊन शांतपणे बोलल्या. दुखते म्हणून खोल श्वास घेतला नाही, तर छातीत कफ साचतो. बाळंतिणीच्या पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. हालचाल थांबली की तो आणखी वाढतो. या औषधाचा दुधात उतरणारा अंश अत्यल्प असतो. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, पण जुनाट कंबरदुखीचा दोष एपिड्यूरलकडे जात नाही. "लक्ष ठेवायचंच असेल तर वेगळ्या गोष्टींवर ठेवा," त्या म्हणाल्या. पायांचा बधिरपणा वाढत गेला, ताप आला किंवा उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच उतरणारी डोकेदुखी सुरू झाली, तर क्षणभरही न थांबता सांगायचे. अंगाला खाज सुटली तर तीही सांगायची. तिच्यावर उपाय असतो.

दुपारी सिस्टरनी आधी पायांतली ताकद पाहिली, मग दोघींनी धरून तिला दारापर्यंत चालवले. दुसऱ्या दिवशी नळी निघाली.

संध्याकाळी लेकीने सहज विचारले, "आई, तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का गं, दुखतंय का म्हणून?"

मी बाळाच्या दुपट्याची घडी घालीत राहिले.