बॅटमॅन गरीब झाला, बरं झालं

वर्धा

प्रिय दोस्ता,

तुझं पार्सल मिळालं. पुस्तकं धड आली, एकाचाही कोपरा दुमडला नाही. 'वाचून खरं काय ते कळव, गोडगोड लिहू नको,' असं तू बजावलं होतंस, म्हणून निकाल आधी सांगतो आणि कारणं मागून. बॅटमॅन पहिला, स्पायडरमॅन दुसरा, सुपरमॅन आणि वंडर वुमन त्यांच्या पाठोपाठ. आणि तुला ज्याचं भल्लं कौतुक आहे, तो बॅटमॅन-डेडपूलचा अंक शेवटून पहिला. रागावू नको.

'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'पासून सुरू करतो. स्कॉट स्नायडरने लिहिलेली आणि निक ड्रागोटाने चितारलेली ही मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. आपल्याला माहीत असलेल्या बॅटमॅनकडे बापाची इस्टेट, तळघरात गाड्या आणि हाताशी बटलर. खरं सांगू, मला तो कधी आपला वाटलाच नाही. एवढा पैसा असताना रात्रभर छपरांवरून उड्या कशाला मारतो हा, असं लहानपणीही वाटायचं. स्नायडरने त्याची सगळी इस्टेटच काढून घेतली. इथे ब्रूसचा, म्हणजे बॅटमॅनचा, बाप शाळामास्तर आहे. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेलेली असताना तिथे झालेल्या गोळीबारात तो मारला जातो. आई जिवंत आहे. पोरगा शिकून इंजिनिअर झालाय आणि हत्यारं स्वतःच्या हाताने बनवतो. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते! पैसा आता जोकरकडे आहे, आणि तो तिथेच शोभतो.

पण गंमत कुऱ्हाडीत नाही. पेंग्विन, रिडलर, टू-फेस, किलर क्रॉक, कॅटवुमन हे सगळे इथे ब्रूसचे लहानपणापासूनचे मित्र आहेत. मोठे झाल्यावरही ते पत्ते कुटत बसतात, एकमेकांची टर उडवतात. जुन्या गोष्टीत यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. त्यामुळे साध्या गप्पांची पानंसुद्धा जीव मुठीत धरून वाचावी लागतात. आर्वी नाक्यावरच्या आपल्या टोळक्यातला कोण पुढे काय होणार, हे तरी तेव्हा कोणाला कळलं होतं? खोट काढायची तर ड्रागोटाने बॅटमॅन इतका आडवा काढलाय की तो दारातून आत कसा येतो हेच कळत नाही. आणि मारामारीत रक्त जरा जास्तच सांडतं. माझ्या हातून ते पुस्तक घरच्या पोट्ट्याला मिळणार नाही.

'अल्टिमेट स्पायडरमॅन' जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को चेकेटो. यातला पीटर पार्कर कॉलेजातला पोरगा नाही. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप आहे. शक्ती मिळते ती अशा वयात, जेव्हा माणूस गुडघ्याला तेल लावायला लागतो. काका बेन जिवंत आहेत, मे काकू मात्र गेल्या आहेत. बेनकाका आणि तो खडूस संपादक जेमसन, दोघं मिळून स्वतःचं वर्तमानपत्र काढतात. स्पायडरमॅनच्या कॉमिकात मी मारामारीची पानं उलटून बायकोशी चाललेलं बोलणं आधी वाचीन, असं कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. शेवटाकडे मात्र हिकमनने आपली मोठी कटकारस्थानं घुसवली आणि घर मागे पडलं. तरीही दुसरा नंबर पक्का.

'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन'मध्ये जेसन एरनने क्रिप्टॉनवर वर्गवारी दाखवली आहे. काल-एलचे, म्हणजे सुपरमॅनचे, आईबाप कष्टकऱ्यांच्या वर्गात टाकलेले, आणि छातीवरची ती प्रसिद्ध खूण त्याच वर्गाची. पृथ्वीवर तो पहिल्याच अंकात ब्राझीलमधल्या खाणमजुरांच्या बाजूने एका बलाढ्य कंपनीविरुद्ध उभा राहतो. 'सुपरमॅनला राजकारणात ओढला' असं म्हणणाऱ्यांना जुना सुपरमॅन वाचायला दे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी 1938 मध्ये तो आणला, आणि 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या तिसऱ्याच अंकात त्याने एका खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचं दुखणं समजावलं होतं. म्हणजे हे नवं खूळ नव्हे, मुळाकडे परतणं आहे. या जोडीने हक्क विकले ते 130 डॉलरला, म्हणजे कष्टकऱ्यांची बाजू त्यांना पुस्तकात शोधावी लागली नसेल. फक्त एरन भूतकाळ-वर्तमानात इतक्या उड्या मारतो की वाचणाऱ्याला धाप लागते.

वंडर वुमनबद्दल थोडक्यात लिहितो. केली थॉम्पसनची ही नायिका अ‍ॅमेझॉनच्या बेटावर वाढलेली नाही. सर्सी नावाच्या चेटकिणीने तिला नरकात वाढवलंय, आणि तरी ती सगळ्यांत मायाळू आहे. 2025 चं उत्कृष्ट नव्या मालिकेचं आयझनर पारितोषिक तिला मिळालं ते योग्यच झालं. हेडन शर्मनची पानं तर नुसती बघत बसावीत.

आता तुझा लाडका अंक. मार्व्हल आणि डीसी यांचं सामाईक 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स' 2003-04 मध्ये आलं, त्यानंतर या दोन कंपन्या कितीतरी वर्षं एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. 2025 मध्ये आधी मार्व्हलने आणि मग डीसीने बॅटमॅन-डेडपूलची गाठ घालून दिली. लेका, ही व्याह्या-व्याह्यांची गळाभेट आहे: फोटो झकास, आणि जेवणं झाली की जो तो आपापल्या गावी. ग्रेग कपुलो आणि डॅन मोरा यांची चित्रं फक्कड आहेत, विनोदही बरे आहेत, पण दोघांपैकी एकाच्याही आयुष्यात त्या भेटीने काही बदलत नाही. ज्या गोष्टीत नायकाला काही गमवावं लागत नाही, तिला डॉलर कशाला मोजायचे?

हे सगळं वाचताना मला राहून राहून वेताळ आठवला. ली फॉकचा वेताळ 17 फेब्रुवारी 1936 रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात अवतरला, आणि त्याच वर्षी 30 एप्रिलला गांधीजी आपल्या सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. दोघांचा संबंध काही नाही, पण ही जोडी मला आवडते. वेताळाच्या अंगात कुठलीही दैवी शक्ती नव्हती. त्याच्याकडे होतं ते जंगल, तिथली माणसं आणि बापाकडून मुलाकडे आलेली शपथ. त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापणारं इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. त्या अंकांच्या मागे आपण वेड्यासारखे धावायचो, ते त्याला उडता येत होतं म्हणून नव्हे. तो कुठे राहतो आणि कोणासाठी लढतो, हे पक्कं माहीत होतं म्हणून. तू पाठवलेल्या चांगल्या पुस्तकांनी हेच केलंय: नायकाची ताकद वाढवली नाही, त्याला माणसांत आणून बसवला.

इकडची खबरही ऐक. राज कॉमिक्सचा नागराज 1986 चा, सर्कशीत वाढलेला सुपर कमांडो ध्रुव 1987 चा. नागराजचे सुरुवातीचे अंक चितारले ते पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. गमतीदार सुपंडीलाही रूप दिलं ते मराठी माणसानेच, राम वाईरकरांनी. कुत्र्याचा मुखवटा घालणारा डोगा तर राहतोच मुंबईत, पण बोलतो हिंदीत. आता राज कॉमिक्सच्या भावाभावांत वाटण्या झाल्यात, आणि हाती येतात त्या बहुतेक जुन्याच अंकांच्या जाड कागदावरच्या आवृत्त्या. त्या आपल्या वयाचे लोक घेतात. शाळेतल्या पोट्ट्यांच्या खिशाला त्या झेपत नाहीत. स्पायडरमॅनचा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट जून 2023 मध्ये मराठीतही आला, त्यामुळे त्यातला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर पडद्यावर तरी आपल्या भाषेत बोलला. चार महिने आधी, फेब्रुवारीत, वर्ध्यात 96 वं साहित्य संमेलन झालं होतं. म्हणजे भाषेचा उत्सव करायला आपण कमी पडत नाही. पण स्टेशनवरच्या स्टॉलवर मराठी बोलणारा एखादा नवा नायक मागितला, तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत राहतो.

चित्रकार आपल्याकडे होते, आहेत. वाचकही आहेत. गोष्टीला कमी नाही: हिंगणघाटच्या कापूस बाजारात हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा, अंगात शक्ती शून्य, बोलणं अस्सल वऱ्हाडी, एवढ्यावर स्नायडरने पन्नास अंक काढले असते. आपल्या कोण्या प्रकाशकाने निदान पाच काढावेत, साध्या कागदावर, पोट्ट्यांना परवडतील अशा किमतीत. तू शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर बरी चित्रं काढायचास. तिकडे शनिवार-रविवार मोकळा असतोस, तर दोन पानं काढून पाठव, लिहायचं माझ्याकडे लागलं.

आणि पुढच्या पार्सलमध्ये बॅटमॅनचा दुसरा भाग नक्की टाक. डेडपूल तुझ्याकडेच राहू दे.

तुझाच,
वर्ध्याचा दोस्त